मेंदूचा भाग ‘उजळतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

प्रेमात पडलं की मेंदूचा अमुक भाग उजळतो, गणित सोडवताना तमुक भाग पेटतो, अशा मथळ्यांबरोबर एक चित्र हमखास असतं. राखाडी मेंदू आणि त्यावर नारिंगी-पिवळे ठिपके. वाचणाऱ्याला वाटतं, मशीनने आत डोकावून फोटो काढला आणि तिथे खरंच काहीतरी उजळलेलं दिसलं.

तसं काही दिसत नाही. स्कॅन चालू असताना मशीनसमोर बसलेल्या तंत्रज्ञाला पडद्यावर एकही रंगीत ठिपका दिसत नसतो, दिसतात त्या धूसर, राखाडी, जवळजवळ एकसारख्या शेकडो प्रतिमा. ठिपके नंतर येतात, गणितातून. ते खोटे असतात असं नव्हे. पण त्यांच्यापर्यंत पोचायला पाच-सहा पायऱ्या चढाव्या लागतात आणि प्रत्येक पायरीला भौतिकशास्त्राची एक अट असते. अट मोडली की ठिपका सरकतो, पुसला जातो किंवा नसलेल्या जागी उगवतो. या अटी सांभाळणं हे मेडिकल फिजिसिस्टचं काम. रुग्णालयात डॉक्टर आणि तंत्रज्ञ दिसतात, हा माणूस सहसा दिसत नाही.

सिग्नल येतो कुठून?

सुरुवात साध्या एमआरआयपासून करू, कारण मेंदूचं काम टिपणारा ‘फंक्शनल एमआरआय’ त्याच मशीनवर होतो. वेगळं यंत्र लागत नाही.

शरीरात पाणी भरपूर, म्हणजे हायड्रोजन भरपूर. हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक म्हणजे एकच प्रोटॉन, आणि प्रोटॉन हा एक इवलासा चुंबक असतो. एरवी या चुंबकांची तोंडं वाटेल तिकडे असतात. मोठ्या चुंबकात माणूस झोपला की ती काही सैनिकांसारखी रांगेत उभी राहत नाहीत (शाळेच्या पुस्तकांतली चित्रं इथे जरा फसवतात). शरीराची उष्णता त्यांना सतत ढवळत असते. १.५ टेस्लाच्या चुंबकात क्षेत्राच्या दिशेने असलेले प्रोटॉन उलट दिशेच्या प्रोटॉनपेक्षा दर दहा लाखांत फक्त ५ ने जास्त भरतात. ३ टेस्लामध्ये १० ने. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, आणि ३ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ६० हजार पट.

दहा लाखांत दहा ही शिल्लक नगण्य वाटते. पण एका घनमिलिमीटर पाण्यात सहावर एकोणीस शून्यं इतके प्रोटॉन असतात, त्यामुळे शिल्लकही सहा कोटी कोटींच्या पुढे जाते. एमआरआयचं सगळं दुकान या शिलकीवर चालतं.

चुंबकात प्रोटॉन एका ठरावीक गतीने डोलतात. प्रत्येक टेस्लामागे सेकंदाला ४ कोटी २५.८ लाख वेळा, म्हणजे ४२.५८ मेगाहर्ट्झ. ३ टेस्लाला हा आकडा १२७.७ मेगाहर्ट्झ होतो. एफएम रेडिओ १०८ मेगाहर्ट्झला संपतो, त्याच्या थोडं पुढे. म्हणून स्कॅनरची खोली सगळ्या बाजूंनी तांब्याच्या पत्र्याने मढवलेली असते, नाहीतर बाहेरचे रेडिओ सिग्नल आत घुसतील. याच कंपनसंख्येची रेडिओ लहर काही मिलिसेकंद सोडली की प्रोटॉन तिरके होऊन एका तालात डोलू लागतात, आणि डोलताना स्वतःच क्षीण रेडिओ सिग्नल देतात. डोक्याभोवतीचा पिंजरा, ज्याला कॉइल म्हणतात, तो हा सिग्नल पकडतो.

मग दोन गोष्टी होतात. प्रोटॉन हळूहळू मूळ स्थितीत परततात, याला लागणारा वेळ म्हणजे टी-वन. आणि त्यांचा आपसातला ताल बिघडतो, त्याचा वेळ म्हणजे टी-टू. ३ टेस्लाला मेंदूतल्या पांढऱ्या भागाचा टी-वन साधारण ०.८ सेकंद, राखाडी भागाचा १.३ सेकंद, आणि मेंदूभोवतीच्या द्रवाचा ४ सेकंदांच्या आसपास. या फरकामुळेच प्रतिमेत हे तीन भाग वेगवेगळ्या छटांचे दिसतात.

आवाज कुठून आला, हे कसं कळतं?

कॉइलला तर सगळ्या डोक्याचा एकत्र सिग्नल मिळतो. त्यातला कुठला तुकडा कपाळाजवळून आला आणि कुठला मानेजवळून, हे ओळखायची युक्ती पेटीसारखी आहे. पेटीची प्रत्येक पट्टी वेगळा सूर देते, त्यामुळे डोळे मिटूनही कुठली पट्टी दाबली ते कळतं. स्कॅनरमध्ये ग्रेडियंट नावाच्या जादा कॉइल असतात. त्या चुंबकीय क्षेत्र एका टोकाला किंचित वाढवतात आणि दुसऱ्या टोकाला किंचित कमी करतात, म्हणजे डोक्याच्या प्रत्येक जागेला तिचा स्वतःचा सूर मिळतो. मीटरमागे १० मिलिटेस्लाचा उतार दिला, तर एकमेकांपासून १ मिलिमीटरवर असलेल्या दोन जागांच्या कंपनसंख्येत ४२६ हर्ट्झचा फरक पडतो. पॉल लॉटरबर यांनी ही कल्पना १९७३ मध्ये मांडली, आणि २००३ चं नोबेल त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळालं.

स्कॅनरची ती प्रसिद्ध धडधडही ग्रेडियंटचीच. तीव्र चुंबकीय क्षेत्रात या कॉइलमधला विद्युतप्रवाह झपाट्याने चालू-बंद होतो, कॉइलवर जोर येतो आणि ती थरथरते. आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो, म्हणून कानांत बोळे घालणं ही सक्ती असते. ते नीट बसलेत की नाही हे रुग्णाला आत सरकवण्यापूर्वी बघावं लागतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागेल. स्कॅनर गोळा करतो तो सुरांचा तक्ता असतो, चित्र नसतं. त्या तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यात संपूर्ण चित्राची थोडी थोडी माहिती असते. चित्र त्यातून गणिताने काढलं जातं.

मेंदूचं काम मशीनला कळतं कसं?

खरं तर कळतच नाही. मशीनला रक्त कळतं.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे जवळपास दुर्लक्ष करतं, पण ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जातं. हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. ऑक्सिजन नसलेलं रक्त ज्या बारीक शिरेत आहे, तिच्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र किंचित वेडंवाकडं होतं. त्यामुळे तिथल्या प्रोटॉनचा ताल लवकर बिघडतो आणि सिग्नल मंदावतो.

आता मेंदूचा एखादा भाग जास्त काम करू लागला की तिथे रक्ताचा पुरवठा वाढतो, आणि गंमत म्हणजे गरजेपेक्षा बराच जास्त वाढतो. खर्च होणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा येणारा ऑक्सिजन जास्त, म्हणजे तिथे ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण घटतं. वेडंवाकडेपणा कमी होतो आणि सिग्नल थोडा वाढतो. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांवर हा परिणाम दाखवला, १९९२ मध्ये माणसांवरचे पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले. या सिग्नलला बोल्ड सिग्नल म्हणतात.

‘थोडा वाढतो’ म्हणजे किती? ३ टेस्लाच्या मशीनवर साधारण अर्धा ते दोन-तीन टक्के. डोळ्याला दोन प्रतिमांत काहीही फरक दिसणार नाही, इतका कमी.

वेळेचंही तसंच. मज्जापेशी मिलिसेकंदांत काम करतात, पण रक्ताचा प्रतिसाद सेकंद-दोन सेकंदांनी सुरू होतो, पाच-सहा सेकंदांनी शिखरावर पोचतो आणि पूर्ववत व्हायला पंधरा-वीस सेकंद घेतो. जागेचंही तेच. मेंदूच्या प्रतिमेचे बारीक घन चौकोन पाडलेले असतात, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. ३ मिलिमीटर बाजूच्या एका व्हॉक्सेलमध्ये लाखो मज्जापेशी मावतात. त्यातल्या कोणी काय केलं हे कळायला वाव नाही.

आणि मोजतोय ते रक्त असल्यामुळे, रक्तपुरवठा बदलणारी प्रत्येक गोष्ट निकालात शिरते. कॉफीतल्या कॅफिनने मेंदूचा रक्तप्रवाह चांगलाच घटतो. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, शिरा रुंदावतात, आणि माणूस काहीही विचार करत नसताना मेंदूभर सिग्नल वाढतो. चांगल्या प्रयोगात स्कॅनच्या आधी चहा-कॉफी घेतली का, हे विचारून नोंदवलेलं असतं.

रंगीत ठिपका तयार होतो तो असा

समजा, बोटांच्या हालचालीचं केंद्र शोधायचं आहे. माणसाला सांगतात, वीस सेकंद बोटं टॅप करा, वीस सेकंद स्वस्थ पडा, असं पाच मिनिटं. दर दोन सेकंदांना संपूर्ण मेंदूची एक प्रतिमा, म्हणजे एकूण १५०. इतक्या वेगाने प्रतिमा घ्यायच्या तर सुरांचा अख्खा तक्ता एका झटक्यात भरावा लागतो. मॅन्सफिल्ड यांच्या या पद्धतीला इको-प्लेनर म्हणतात. वेग मिळतो, पण प्रतिमा भरड येते आणि वाकते. वाकण्याचं पुढे येईलच.

एका प्रतिमेत ६४ गुणिले ६४ चौकोनांचे ३५ काप धरले, तर १ लाख ४३ हजार ३६० व्हॉक्सेल होतात. त्यातले साधारण ५० हजार मेंदूत पडतात, बाकीची हवा. प्रत्येक व्हॉक्सेलचे १५० आकडे घेऊन संगणक बघतो, की वीस सेकंद वर, वीस सेकंद खाली या चालीशी (रक्ताचा उशीर धरून) ते कितपत जुळतात. जुळणी जितकी पक्की, तितका त्या व्हॉक्सेलचा गुण जास्त. मग एक मर्यादा ठरवतात. गुण मर्यादेच्या वर गेला तर रंग, खाली राहिला तर काही नाही. शेवटी हा रंग वेगळ्याने काढलेल्या सुबक, बारीक राखाडी प्रतिमेवर चढवतात. मथळ्याखालचं चित्र ते हेच.

म्हणजे पिवळा रंग ‘इथे खूप काम चाललंय’ असं सांगत नाही. तो सांगतो, ‘या दोन अवस्थांमध्ये इथे फरक आहे, याची आम्हाला बरीच खात्री आहे.’ आणि जिथे रंग नाही तिथला मेंदू झोपलेला नसतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू स्वस्थ पडल्यावरही शरीराची वीस टक्के ऊर्जा खातो. एखादं काम दिल्यावर स्थानिक खर्चात पडणारी भर त्यामानाने अगदी किरकोळ असते.

मेलेल्या माशाचा मेंदूही ‘उजळला’, तो प्रकार काय होता?

हा किस्सा खरा आहे आणि शिकवण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी एक मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि फोटोतल्या माणसांना काय वाटत असेल असं ‘विचारलं’. नेहमीच्या पद्धतीने हिशेब केल्यावर माशाच्या मेंदूत काही व्हॉक्सेल सक्रिय निघाले. हे काम २००९ मध्ये मांडलं गेलं आणि २०१२ मध्ये त्याला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा पुरस्कार) मिळालं.

मासा अर्थातच विचार करत नव्हता. ५० हजार व्हॉक्सेलची प्रत्येकी एक चाचणी घेतली आणि ‘हजारात एकदाच योगायोगाने होईल’ इतकी कडक मर्यादा लावली, तरी निव्वळ योगायोगाने ५० व्हॉक्सेल पास होणारच. इतक्या चाचण्या एकदम घेतल्या तर मर्यादा त्या मानाने कडक करावी लागते. तशी केल्यावर माशाचे ठिपके नाहीसे झाले.

पण दुरुस्ती केली म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. २०१६ मध्ये स्वीडन आणि ब्रिटनच्या संशोधकांनी, कुठलंही काम न देता स्वस्थ पडलेल्या निरोगी माणसांचे जुने स्कॅन घेतले. त्यांच्यात नसलेला फरक शोधायला सर्रास वापरली जाणारी सॉफ्टवेअर लावली. चुकीचा निकाल पाच टक्के वेळा यायला हवा होता. ठिपक्यांच्या पुंजक्यांवर आधारलेल्या काही पद्धतींत तो ७० टक्क्यांपर्यंत गेला. २०२० मध्ये ७० संशोधक-गटांना एकच विदा (डेटा) दिली आणि तेच नऊ प्रश्न विचारले. कुठल्याही दोन गटांनी हिशेब अगदी सारखा केला नाही आणि काही प्रश्नांवर उत्तरं सरळ फुटली. कोणी लबाडी केलेली नव्हती. पायऱ्या बऱ्याच, आणि प्रत्येक पायरीवर पटण्यासारखे दोन-तीन पर्याय, त्याचा हा परिणाम.

गणिताच्या आधीच काय बिघडतं

आकडेशास्त्राच्या चुका निदान नंतर तरी सुधारता येतात. भौतिकशास्त्राच्या पुष्कळदा येत नाहीत, म्हणून इथे जरा थांबू.

पहिला शत्रू डोक्याची हालचाल. ३ मिलिमीटरचा एक व्हॉक्सेल मेंदूच्या काठावर आहे असं धरा, अर्धा मेंदूत आणि अर्धा बाहेरच्या द्रवात. डोकं ०.३ मिलिमीटर हललं की त्यातला दहावा हिस्सा बदलतो. द्रवाचा आणि मेंदूचा सिग्नल वेगळा असल्याने त्या व्हॉक्सेलचा आकडा काही टक्क्यांनी उडी मारतो. आपण शोधतोय ते एक-दोन टक्के. त्यातून माणूस बटण दाबताना नेमका त्याच वेळी डोकं हलवत असेल तर हिशेबाला फरक कळणार कसा? सॉफ्टवेअर प्रत्येक प्रतिमा तीन दिशांनी सरकवून आणि तीन अक्षांभोवती फिरवून पहिल्या प्रतिमेशी जुळवतं, पण हालचालीचा सगळा परिणाम त्याने जात नाही. लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात. मेंदूच्या जवळच्या भागांमधले दुवे मुलांमध्ये घट्ट आणि दूरचे सैल असतात, या निष्कर्षाचा काही भाग प्रत्यक्षात हालचालीमुळे आला होता, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. इलाज साधाच आहे: कानांच्या दोन्ही बाजूंना फोमच्या गाद्या घट्ट बसवणं आणि हललेल्या वेळच्या प्रतिमा हिशेबातून काढून टाकणं.

डोकं अगदी स्थिर असलं तरी छाती हलते. श्वासाबरोबर छातीतली हवा कमी-जास्त झाली की डोक्यातलं चुंबकीय क्षेत्रही किंचित बदलतं.

दुसरा शत्रू हवा. नाकामागच्या पोकळ्यांत आणि कानाजवळच्या हाडांत हवा असते. हवा आणि मांस चुंबकीय क्षेत्राला वेगवेगळा प्रतिसाद देतात, म्हणून त्यांच्या सीमेवर क्षेत्र बिघडतं. दहा लाखांत एक भाग बिघाड झाला तरी ३ टेस्लावर कंपनसंख्या १२८ हर्ट्झने चुकते. इको-प्लेनर पद्धतीत एका दिशेने शेजारच्या दोन चौकोनांच्या सुरांत जेमतेम ३० हर्ट्झचं अंतर असतं. म्हणजे तो सिग्नल चार चौकोन सरकला, १२ मिलिमीटर! डोळ्यांच्या वरचा आणि कानांच्या आतल्या बाजूचा मेंदू यात सर्वांत जास्त सापडतो, आणि भावनांवरच्या संशोधनाचा जीव नेमका याच भागांत अडकलेला असतो. सरकलेला सिग्नल परत जागेवर आणता येतो. त्यासाठी क्षेत्राचा नकाशा वेगळा काढतात, किंवा तीच प्रतिमा उलट दिशेने पुन्हा घेतात. दुसऱ्या प्रतिमेत वाकडेपणा उलटा पडतो आणि दोघींवरून मधलं खरं चित्र काढता येतं. पण जिथे सिग्नल पूर्ण विझला तिथे गणिताकडे उपाय नाही. तिथला ठिपका दिसत नाही, याचा अर्थ ‘तिथे काही झालं नाही’ असा काढणं चूक.

तिसरा खुद्द स्कॅनर. ग्रेडियंट कॉइल काम करून तापतात, आजूबाजूचा धातू तापतो आणि काही मिनिटांत सिग्नल हळूहळू घसरतो. घसरण टक्क्याच्या आसपास गेली तर तीही शोधायच्या बदलाएवढीच. म्हणून ‘पहिली पाच मिनिटं विश्रांती आणि पुढची पाच मिनिटं काम’ असा प्रयोग कोणी करत नाही, दोन्ही आलटून-पालटून ठेवतात. पहिल्या तीन-चार प्रतिमा टाकूनच देतात, कारण प्रोटॉनची घडी तोवर बसलेली नसते.

फिजिसिस्ट तपासतो ते काय?

माणसाच्या डोक्याचं खरं उत्तर कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून ज्याचं उत्तर ठाऊक आहे अशी वस्तू स्कॅन करतात. तिला फँटम म्हणतात. फँटम म्हणजे प्लॅस्टिकचा बंद डबा, आत क्षार मिसळलेलं पाणी आणि मापलेल्या आकाराच्या खुणा. लांबी-रुंदी खरी येते का, ५ मिलिमीटरचा काप ०.७ मिलिमीटरच्या फरकाच्या आत येतो का, फिके गोल किती दिसतात, हे ठरलेल्या क्रमाने मोजतात. रोजच्या तपासणीत तोच फँटम, तीच कॉइल, तीच जागा ठेवायची आणि सिग्नल व गोंगाट (सिग्नलमध्ये मिसळणारे निरर्थक चढ-उतार) यांचं गुणोत्तर नोंदवायचं. एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, महिनाभराच्या आलेखाला असतो.

फंक्शनल एमआरआयसाठी याहून कडक परीक्षा लागते. फँटमच्या २०० प्रतिमा एकामागून एक घेऊन मधल्या भागाचा सरासरी सिग्नल किती खाली-वर होतो ते बघतात. हळूहळू होणारी घसरण वजा केल्यावर उरलेला चढ-उतार ०.२ टक्क्यांच्या आत असला पाहिजे. इथे फँटम पाण्याचा असून चालत नाही, कारण ठेवल्यानंतर आतलं पाणी बराच वेळ हलत राहतं. जेलीसारखा घट्ट फँटम वापरतात.

३२ तुकड्यांच्या कॉइलमधला एखादा तुकडा मेला तर? प्रतिमा बघून कळेलच असं नाही. सॉफ्टवेअर सगळीकडचा उजेड सारखा करतं, त्या कोपऱ्यात फक्त गोंगाट वाढतो. म्हणून प्रत्येक तुकड्याची प्रतिमा वेगळी काढून बघावी लागते.

प्रतिमेवर आलेल्या रेषा वाचणं हा या कामातला सगळ्यात मजेदार भाग. प्रतिमेत एकाच ठिकाणी, चेनसारखी ठिपक्यांची एक रेघ आली तर बाहेरची रेडिओ लहर आत शिरली आहे. आधी दरवाजा नीट लागलाय का ते बघायचं. दाराच्या कडेला तांब्याच्या लवचीक पट्ट्या असतात, त्या वाकतात, तुटतात किंवा मळतात. मग खोलीत कोणी एखादं उपकरण ठेवलंय का, ते. याउलट, संपूर्ण प्रतिमाभर तिरप्या समांतर रेघा उमटल्या तर तक्त्यातला एखादाच आकडा खराब आहे. प्रत्येक आकड्यात सगळं चित्र असतं, त्याची किंमत इथे मोजावी लागते. कारण बहुधा क्षुल्लक निघतं: थरथरीने सैल झालेला स्क्रू, झिजलेली केबल, कोरड्या हवेत उडालेली स्थिर विजेची ठिणगी. सापडायला मात्र दिवस लागतात, कारण ठिणगी मनाला येईल तेव्हा उडते.

अलीकडे यात नवी डोकेदुखी आली आहे. एआय वापरून प्रतिमा बनवणाऱ्या पद्धती गोंगाट पुसून टाकतात. सिग्नल-गोंगाटाचा आकडा एकदम झकास येतो, पण माहिती वाढलेली असतेच असं नाही. अशा वेळी तो आकडा बाजूला ठेवून ‘फिका, लहान गोल खरोखर दिसतो का’ हीच चाचणी धरून बसलेलं बरं.

मग जास्त टेस्लाचं मशीन घ्यावं, नाही का?

शिल्लक वाढते, सिग्नल वाढतो, हे खरं. अमेरिकेत ७ टेस्लाच्या मशीनला रुग्णांसाठी मान्यता २०१७ मध्ये मिळाली. फ्रान्समध्ये साक्ले इथल्या ११.७ टेस्लाच्या मशीनने माणसाच्या मेंदूच्या पहिल्या प्रतिमा २०२४ मध्ये दाखवल्या.

पण हवेमुळे येणारा वाकडेपणाही त्याच प्रमाणात वाढतो. रेडिओ लहरींनी शरीरात होणारी उष्णता साधारण वर्गाने वाढते. १.५ वरून ३ टेस्लाला जाताना तेवढ्याच कामासाठी ती चौपट होते. शिवाय ७ टेस्लाला शरीरातल्या रेडिओ लहरीची लांबी १२-१३ सेंटिमीटरवर येते, म्हणजे डोक्याहून लहान. त्यामुळे लहरी एकमेकींत मिसळून कुठे उजळ तर कुठे काळे पट्टे पडतात. दुसऱ्या टोकाला, ०.०६४ टेस्लाचं चाकांवरचं मशीन अतिदक्षता विभागात खाटेपाशी नेता येतं. प्रतिमा भरड, पण हलवता न येणाऱ्या रुग्णासाठी तीच उपयोगाची.

धोका किती?

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. क्ष-किरणांवर चालणाऱ्या डोक्याच्या सीटी स्कॅनला साधारण २ मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) मात्रा बसते, निसर्गातून जगभरात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळते. एमआरआयचे धोके वेगळे आहेत. चुंबक रात्रंदिवस चालू असतो, स्कॅन नसतानाही. उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमने थंड ठेवलेल्या तारेत प्रवाह अखंड फिरत असतो. वीज गेली म्हणून तो बंद होत नाही. ऑक्सिजनचं लोखंडी सिलिंडर दारातून आत नेलं तर ते हातात राहत नाही. दुसरा धोका भाजण्याचा. हात जुळवून ठेवले किंवा उघड्या मांड्या एकमेकींना टेकल्या, की शरीरात विजेचं वेटोळं तयार होतं आणि टेकलेल्या जागी चटका बसू शकतो. म्हणून मध्ये कापड किंवा गादी ठेवतात, आणि कॉइलच्या वायरीचं वेटोळं करून अंगावर टाकत नाहीत. पेसमेकर, कानातलं कृत्रिम उपकरण, मेंदूतली क्लिप किंवा डोळ्यात कधीकाळी गेलेला लोखंडाचा कण, यांतलं काही असेल तर विचारण्याची वाट न बघता आधीच सांगावं.

याने मन वाचता येतं का?

‘भीती वाटली की अमिग्डाला (मेंदूतला भावनांशी निगडित एक लहान भाग) उजळतो’ यावरून ‘अमिग्डाला उजळला म्हणजे भीती वाटली’ असं म्हणता येत नाही. तोच भाग नव्या, महत्त्वाच्या, सुखावणाऱ्या गोष्टींनाही प्रतिसाद देतो. बातम्यांत हा उलटा तर्क सर्रास दिसतो. खोटं पकडण्याच्या दाव्यांचा पायाही बहुतेक वेळा हाच असतो.

स्कॅनवरून, ऐकलेल्या गोष्टीचा आशय शब्दांत मांडणारा प्रयोग २०२३ मध्ये टेक्सासमध्ये झाला, तो खराच चकित करणारा होता. पण त्यासाठी प्रत्येकाने १६ तास स्कॅनरमध्ये पडून गोष्टी ऐकल्या होत्या. एकाच्या मेंदूवर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्यावर चाललं नाही, आणि माणसाने मुद्दाम मनात दुसरंच काही घोळवलं की ते कोलमडलं. दुसऱ्या बाजूला, मेंदूच्या स्कॅनवरून स्वभाव किंवा बुद्धी यांच्याशी नातं लावायचं तर हजारो माणसं लागतात, हे २०२२ मध्ये मोठ्या विदेवरून दिसून आलं. वीस-पंचवीस जणांच्या अभ्यासावर बेतलेल्या मथळ्याकडे त्या नजरेने बघावं.

रुग्णाला याचा उपयोग होतो तो कुठे?

मेंदूतली गाठ काढायच्या आधी. गाठ हाताच्या किंवा बोलण्याच्या केंद्राला किती चिकटली आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वी हवं असतं. इथे एकाच माणसाच्या मेंदूत, ‘बोटं हलवणं’ किंवा ‘मनातल्या मनात शब्द सांगणं’ अशा साध्या कामांचा प्रतिसाद शोधायचा असतो. हा सिग्नल त्यातल्या त्यात दणकट.

मात्र गाठीजवळच एक सापळा असतो. गाठीच्या आसपासच्या शिरा बिघडलेल्या असतात. तिथल्या मज्जापेशी काम करतात, पण रक्तपुरवठा वाढतच नाही. मग ठिपका उमटत नाही आणि जागा मोकळी आहे असं वाटतं. सर्जनने ती कापली तर हात लुळा पडू शकतो. म्हणून याच बैठकीत रुग्णाला पंधरा-वीस सेकंद श्वास रोखायला लावून काही मिनिटांचा वेगळा स्कॅन घेतात. श्वास रोखल्यावर निरोगी भागात सगळीकडे सिग्नल वाढतो. जिथे तो वाढत नाही, तिथे शिराच प्रतिसाद देत नाहीत हे कळतं, आणि अहवालात त्या पट्ट्याबद्दल ‘ठिपका नाही, पण यावर विसंबू नये’ असं स्पष्ट लिहिता येतं. त्या पट्ट्याचा फैसला मग शस्त्रक्रियेच्या टेबलावर होतो: रुग्णाला जागं ठेवून, मेंदूच्या पृष्ठभागाला काही मिलिअँपिअरचा प्रवाह लावतात, आणि त्याचं बोलणं अडखळतं का ते ऐकतात.